भूमिकाच्या नावापुढचा हिरवा ठिपका

१

भूमिका गेल्याचा निरोप भूमिकाच्याच नंबरवर गेला, कुणीतरी तो उचलला आणि ऐकल्याची पोचही दिली.

रोह्याच्या त्या कम्युनिटी कॉलेजात ही गोष्ट पहिल्यांदा सुजयच्या नजरेला पडली. सुजय म्हणजे ‘सोबती’ सांभाळणारा पोरगा. कंपन्या गिऱ्हाईक हातचं निसटू नये म्हणून जे सीआरएम का काय ते सॉफ्टवेअर वापरतात, तेच कॉलेजने विद्यार्थी निसटू नयेत म्हणून आणलं होतं आणि त्याचं बारसं करून ‘सोबती’ असं गोड नाव ठेवलं होतं. सोबती रोज सकाळी प्रत्येक मुलाला फोन करायचा. फोनवर ध्वनिमुद्रित आवाज विचारायचा, कसं चाललंय? सगळं ठीक असेल तर एक दाबा, मॅडमनी फोन करायला हवा असेल तर दोन, मॅडमनी घरी यायला हवं असेल तर तीन. एक दाबलं की नावापुढे हिरवा ठिपका. तीन दाबलं किंवा काहीच दाबलं नाही, की लाल. लाल ठिपका दिसला की संपर्क अधिकारी अनीसा धनसे हिने पिशवी उचलायची आणि ते घर गाठायचं.

त्या दिवशी सकाळी मात्र प्रश्नाऐवजी श्रद्धांजलीचा निरोप गेला, मुलांना आणि कॉलेजातल्या सगळ्यांनाच. रुग्णसेवेच्या वर्गातली, पेणजवळच्या हमरापूरची भूमिका तापाने गेली, दुपारी सभा आहे, ऐकलं असेल तर एक दाबा. यादीतून भूमिकाचं नाव काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुजयने अनीसाला बोलावून पडदा दाखवला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सगळ्या नावांपुढे हिरवे ठिपके होते आणि त्यांत भूमिकाही होती.

अनीसाला आधी वाटलं, कुणीतरी अघोरी थट्टा केली. मग तिने मागचे दिवस उघडायला सांगितले. भूमिका तापाने फणफणत पडली होती त्या प्रत्येक सकाळी तिच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. पोरगी तिकडे मरत असताना कुणीतरी रोज इकडे सांगत होतं, सगळं ठीक आहे.

२

हे दाबणारं कोण? अनीसाला दुसरं काही सुचेना. एक लाल ठिपका उमटला असता तर ती त्याच दुपारी हमरापुरात असती. रुग्णसेवा शिकवणाऱ्या सिस्टरना बरोबर नेलं असतं आणि पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्या पोरीचे पिवळे डोळे बघून, हा लेप्टोचा ताप असेल हे ओळखून सिस्टरनी तिला उभ्या उभ्या गाडीत घातलं असतं. हे ‘असतं’ तिला जेवू देत नव्हतं.

तिचा पहिला संशय सुजयवर गेला, हे तिने त्याला तोंडावर सांगितलं. हिरव्या ठिपक्यांची टक्केवारी वर गेली की त्याची पाठ थोपटली जायची. सुजय रागावला नाही. हाताने भरलेली नोंद निळी दिसते, ती हिरवी करता येत नाही, असं म्हणून त्याने तिच्यासमोर करूनच दाखवलं. ठिपका निळा पडला. म्हणजे भूमिकाचे ठिपके तिच्या नंबरवरूनच आले होते.

दुसरा संशय भूमिकाच्या भावावर, हरेशवर होता, आणि त्याला कारण होतं. गणपतीच्या हंगामात हमरापूरकडची मुलं कॉलेजात फिरकत नाहीत. घरोघरी मूर्तींचे कारखाने, मग पोरं काय करणार? कॉलेजने त्यांना सवलत दिली होती, हंगामात हजेरी नको, फक्त रोज सकाळी सोबतीला उत्तर द्या. हंगामाच्या सुरुवातीला भूमिकाचं उत्तर यायचं बंद झालं, लाल ठिपका पडला, आणि त्या दिवशी गाडी चुकल्याने अनीसा दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन उभी राहिली होती.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. शेजारच्या कारखान्यात रंग फवारायचा कंप्रेसर धडधडत होता. तिने दारातून दोनदा हाका मारल्या तरी आतल्या बाईने मान वळवली नाही. पुढे जाऊन उभी राहिली तेव्हा बाई दचकली आणि एकदम हसली. ती भूमिकाची आई, ठमाबाई. ती काय म्हणाली ते त्या धडधडीत कळलं नाही, पण आपला अंगठा अनीसासमोर धरून पुन्हा पुन्हा दाखवत राहिली. अंगठ्याला पोलिशकागदाने घासल्याचे ओरखडे होते, म्हणून अनीसाने पिशवीतलं मलम काढून त्याला लावलं. बाई आणखीच हसली.

मग हात रंगलेले घेऊन भूमिका धावत आली. फोन रंगाच्या बादलीत पडला होता म्हणे, पण आजच दुसरी सोय केलीय, आता रोज उत्तर येईल. ती मूर्तींचे डोळे आखायची, आणि गावात तिच्यासारखा हात नव्हता. हरेशने मात्र अनीसाला तोंडावर सुनावलं होतं. “हंगामात पोर न्यायला येऊ नका, मॅडम. डोळे आखणारी गेली तर आंधळे गणपती इकू काय?”

मॅडम पुन्हा दारात नको म्हणून हरेशच रोज एक दाबत असेल, असं समजायला जागा होती. पण श्रद्धांजलीचा निरोप गेला त्या सकाळी हरेश कुठे होता, ते अनीसाला कुणी सांगायला नको होतं. तो तिच्याच समोर, कॉलेजच्या फाटकात उभा होता. बहिणीचा पांढरा एप्रन धुऊन, घडी घालून परत करायला आला होता. तेवढ्यात अनीसाचा फोन वाजला आणि त्या ध्वनिमुद्रित आवाजाने भूमिकाचं नाव घेतलं. हरेशने एप्रन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. त्याच वेळी कुठेतरी कुणीतरी भूमिकाच्या नंबरवर एक दाबत होतं.

अनीसाने त्याला फोन लावून विचारलं. त्याच्या आवाजात आता चढ नव्हता. बहीण आजारी पडली तेव्हा तो आणि वडील नाथा मूर्तींच्या गाडीबरोबर घाटावर गेले होते. परतले तेव्हा तिची शुद्ध हरपली होती. पेणला नेलं, तिथून पुढे नेलं, पण उपयोग झाला नाही. तिचा बिघडलेला फोन अजून तांदळाच्या डब्यात होता.

“आनी सिम?” अनीसाने त्याच्याच बोलीत विचारलं.

“सिम त्यात नाय. दिपिकाने काढलेला. तिलाच ठाऊक.”

३

दिपिका भूमिकाची मैत्रीण. त्याच आळीतली, त्याच वर्गातली. पेणहून रोह्याला दोघी एकाच गाडीने यायच्या आणि एकाच डब्यातलं खायच्या. गेल्या वर्षी दिपिकाने एकदा दुसऱ्या मुलीची हजेरी लावली होती आणि पकडली गेली होती. प्राचार्य दिनानाथ सरांना तेवढं पुरे होतं.

त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. अनीसा आणि सुजय तिथेच होते. सिम कुणाकडे आहे, असं सरांनी विचारलं. सरांनी पुन्हा विचारलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने मान खाली घातली आणि म्हणाली, “मीच दाबत होते, सर. माझ्या फोनमध्ये दोन सिम बसतात. दुसरं भूमिकाचं.”

“ती आजारी असतानाही?”

“व्हय.”

“आणि ती गेल्यावरही?”

दिपिकाने नुसती मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, पण ती ते पुसत नव्हती.

दिनानाथ सर वाईट माणूस नव्हते. पण एका मुलीचा जीव गेला होता आणि कुणालातरी त्याचा जाब द्यावा लागणार होता. दिपिकाचं नाव कमी करायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. पुढच्या महिन्यात तिला एका दवाखान्यात उमेदवारीला जायचं होतं. ती दवाखान्याची नोकरी म्हणजे त्या पोरीने कारखान्याच्या रंगातून बाहेर पडायला शोधलेली एकुलती वाट होती. सोमवारी कागद निघेल, असं सर म्हणाले.

दिपिका उठली, नमस्कार केला आणि गेली. सुजयने सुस्कारा सोडला. सापडलं एकदाचं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

अनीसा मात्र जागची हलली नाही. तिला काहीतरी टोचत होतं, आणि आपल्या कपाटाशी गेल्यावर ते काय ते तिला कळलं. भूमिका तापात होती त्या आठवड्यात दिपिका रोह्याला मावशीकडे राहून प्रॅक्टिकल देत होती. मुलींची वॉर्डात सकाळची पाळी होती, आणि वॉर्डात फोन चालत नाहीत म्हणून सगळ्यांचे फोन कोण जमा करून ठेवत होतं? अनीसाच. सोबतीचा फोन जायच्या कितीतरी आधी दिपिकाचा फोन या कपाटात पडलेला असायचा आणि किल्ली अनीसाच्या पर्समध्ये असायची.

पोरगी खोटं बोलत होती. आपलं सगळं पुढचं आयुष्य टाकून ती कुणाचं तरी नाव झाकत होती. असं कुणासाठी कुणी खोटं बोलतं?

४

अनीसाने सुजयला पुन्हा खुर्चीत बसवलं. आता तिला एकच बघायचं होतं. भूमिकाच्या नंबरवर फोन उचलल्यावर किती वेळाने एक दाबलं जात होतं?

सुजयने शोधून काढलं आणि खांदे उडवले. “प्रश्न पुरा होऊच देत नाहीत, मॅडम. उचलला की दाबला. रोज तसंच. पोरांना कंटाळा येतो ऐकायचा.”

“श्रद्धांजलीच्या दिवशी?”

“त्या दिवशीही. भूमिकाचं नाव यायच्या आधीच.”

म्हणजे दाबणाऱ्याने निरोप ऐकलाच नव्हता. अघोरी थट्टा करणाऱ्याने निदान मजा म्हणून तरी ऐकला असता. हे माणूस ऐकत नव्हतं. की त्याला ऐकूच येत नव्हतं?

हा विचार मनात आला आणि नेमका तेव्हाच तिचा स्वतःचा फोन एकदा वाजून बंद झाला. कुवेतहून नवरा होता, नूरमहंमद. आता फुकट बोलता येतं, चेहरासुद्धा बघता येतो, पण जुनी सवय गेली नव्हती. कामावर जाताना तो एक मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे सुखरूप आहे, उचलू नकोस. नवराबायकोंनी लग्नानंतर ठरवलेली ती खूण होती.

सासूबाईंना ती खूण कुणी सांगितलीच नव्हती. नूरमहंमद पहिल्यांदा परदेशी गेला तेव्हा एके सकाळी अशीच एक घंटी वाजली, आणि त्याच संध्याकाळी तो कुणाला न कळवता रजेवर घरी आला. सासूबाईंनी दोन्हींची सांगड घातली. घंटी वाजली की मुलगा येतो. त्यानंतर कितीतरी दिवस एक घंटी ऐकली की म्हातारी उठून त्याच्या आवडीच्या सांदणांसाठी तांदूळ भिजवायची आणि संध्याकाळपर्यंत दाराशी बसायची. अनीसा तेव्हा तिला हसली होती, आणि नंतर एकदा एकटीच रडली होती.

तेच आठवत ती उभी राहिली आणि एकाएकी तिला तो अंगठा आठवला. ओरखडे पडलेला, तिच्या डोळ्यांसमोर धरलेला, पुन्हा पुन्हा दाखवलेला. ज्या दिवशी भूमिकाने उत्तराची ‘दुसरी सोय’ केली होती, तोच तो दिवस.

  ठमाबाईचा अंगठा त्या दिवशी दुखत नव्हता. ती काहीतरी सांगत होती.

५

भूमिका गेल्यापासून अनीसा हमरापूरला गेली नव्हती. काम असल्याची कारणं तिने स्वतःलाच दिली होती, पण खरं म्हणजे तिला धीर नव्हता. आता जाणं भाग होतं. ती पेणला उतरली, मिनीडोर रिक्षात स्वतःला कोंबून हमरापूरला आली, आणि आळीच्या तोंडाशी दिपिका उभी दिसली. अनीसाला बघताच पोरगी आडवी आली.

“मॅडम, तुम्हाला सांगितलं ना मी, मीच दाबलं. घरात जाऊ नका.”

“तुझा फोन माझ्या कपाटात होता, दिपिका.”

दिपिकाचा चेहरा उतरला. “तिला सांगू नका मग,” ती कळवळून म्हणाली. “एक म्हणजे काय, ते तिला ठाऊक नाय. कळला तर ती जगायची नाय.”

मग आळीच्या कडेला उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं. भूमिकाचा फोन बादलीत पडल्यावर सिम काढून घरातल्या बटणांच्या जुन्या फोनमध्ये दिपिकानेच घातलं होतं. हंगामात भूमिका उजाडायच्या आधीच कारखान्यात जायची, हात रंगाने भरलेले, फोन धरणार कसा? म्हणून भूमिकाने आईला शिकवलं. ठमाबाईला कित्येक वर्षांपासून ऐकू येत नाही. वाचताही येत नाही. तिला एवढंच सांगितलं, सकाळी फोन थरथरला की हिरवं बटण दाब आणि मग हे पहिलं बटण दाब, कॉलेजला कळेल. ठमाबाईने तसं दाबलं, आणि दुपारी मॅडम दारात उभ्या. आदल्या दिवशीच्या लाल ठिपक्याने मॅडम आल्या होत्या, हे तिला कुठे ठाऊक होतं?

“ती सगळ्या आळीला सांगत व्हती,” दिपिका म्हणाली. “मी दाबला नि बाय आली. भूमिका हसली, म्हणाली, नाय गो आये, तशी नाय येत. पण तिच्या मनात तेच बसलं.”

कोडं सुटलं होतं. एकेक तुकडा जागेवर बसला होता, आणि अनीसाला ते सुटायला नको होतं असं वाटलं. पोर तापात होती, पुरुष घाटावर, आळी कारखान्यात राबत होती, गावच्या डॉक्टरने साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या होत्या. जिला ऐकू येत नाही ती फोनवर कुणाशी बोलणार? पण तिच्याकडे एक बटण होतं. ते दाबलं की कॉलेजची बाई येते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने रोज सकाळी दाबलं आणि दिवसभर वाट पाहिली. तिकडे रोह्याला रोज एक हिरवा ठिपका पडत होता, आणि तो पाहून अनीसा निश्चिंतपणे चहा पीत होती.

ठमाबाई ओसरीत बसली होती. शेजारचा कारखाना बंद होता, सगळे गणपती आपापल्या गावी गेले होते, आणि त्या शांततेतही तिने हाक ऐकली नाही. अनीसा समोर जाऊन बसली. तेव्हा बाईने मान वर केली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. रागाचा मागमूस नव्हता.

“आयलीस गो बाय,” ती म्हणाली. “लय येल लागला तुला.”

 ठमाबाईने कमरेच्या पिशवीतून तो जुना फोन काढला आणि पहिल्या बटणावर अंगठा ठेवून दाखवला. त्या बटणावरचा आकडा पुसट झाला होता.

“पोरीला ताप आला तवा दाबला. रोज दाबला. ती गेली, तरी दाबला. तुला सांगाया नको का, ती गेली म्हनून?”

मागे दिपिका तोंडात ओढणी कोंबून उभी होती. ठमाबाईने फोन उलटसुलट केला, आणि जे तिला इतके दिवस जाळत होतं ते तिने विचारलं. “माझा बोट चुकला काय गो? दुसरा दाबायचा व्हता?”

 अनीसाला ठाऊक होतं, खरं उत्तर काय आहे. हो, चुकला. तीन दाबायचं होतं. एवढं एक उत्तर या बाईच्या उरलेल्या आयुष्याला पुरून उरलं असतं. आणि ते पुरतं खरं तरी होतं का? या घरातून रोज हाक गेली होती. ती सगळं ठीक अशी वाचणारं यंत्र रोह्यात होतं, आणि त्या यंत्रावर विसंबून घरी बसणारी अनीसा होती. दारात हाका मारून उत्तर आलं नाही तेव्हा कंप्रेसरला दोष देणारी, अंगठा समोर धरला तेव्हा विचारायचं सोडून मलम लावणारीही तीच होती.

तिने तो अंगठा दोन्ही हातांत घेतला आणि ओठ सावकाश हलवत बोलली, म्हणजे ठमाबाईला कळावं.

“तुमचं बोट चुकलं नाही. निरोप रोज पोचत होता. मी आले नाही.”

ठमाबाईने तिच्या ओठांकडे बघत ते तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग तिने मोठा श्वास सोडला आणि तिचे खांदे सैल झाले.

“पोचत व्हता ना,” ती म्हणाली. “मग बरा.”

आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदाच, दिपिका पुढे सांगायची, ती मोकळेपणाने रडली.

६

सोमवारी दिपिकाचा कागद निघाला नाही. अनीसाने दिनानाथ सरांना सगळं सांगितलं, कपाटाची किल्ली, न ऐकता दाबलेला एक, अंगठा, काहीच लपवलं नाही. सर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. या प्रकरणात कुणाची चूक म्हणून नोंदवायची, असं त्यांनी शेवटी विचारलं, तेव्हा तिने स्वतःचं नाव सांगितलं. सरांनी ते लिहिलं नाही. पण नुसता हिरवा ठिपका बघून आता कुणी स्वस्थ बसायचं नाही, हंगामातल्या प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा माणसाने जायचं, एवढं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

सुजयने भूमिकाचं नाव यादीतून काढू का म्हणून विचारलं. अनीसा नको म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सोबतीचे फोन गेले. पडद्यावर एकेक ठिपका उमटत गेला. भूमिकाच्या नावापुढची जागा जराशी रिकामी राहिली, आणि मग तिथेही हिरवा ठिपका पडला.

अनीसाने पिशवी उचलली आणि पेणच्या गाडीसाठी स्टेशनची वाट धरली.